जाड बहीण आणि काटकुळा भाऊ

आमच्या घरात मी जाड आणि माझा धाकटा भाऊ काटकुळा, हे इतकं ठरून गेलं होतं की त्यात काही बदल होईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. आम्ही त्र्यंबकेश्वरचे. वडिलांकडे यजमानकृत्य होतं. बाहेरगावाहून विधी करायला येणाऱ्या यजमानांची उतरण्याची, जेवणाची सोय आमच्याच घरी व्हायची. त्यामुळे घरात सतत मोठ्या पातेल्यांत स्वयंपाक शिजत असायचा. भाऊ ते सगळं खायचा आणि सकाळी न्याहारीच्या आत ब्रह्मगिरी चढून उतरूनही यायचा. मीही तेच खायची, पण माझ्या अंगाला ते लागायचं. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या की मुलांची अदलाबदल झाली असती तर बरं झालं असतं.

माझं लग्न न व्हायला वजन हे एकच कारण नव्हतं, पण बघायला आलेल्या माणसांची नजर आधी माझ्या दंडांकडे जायची एवढं मला स्पष्ट आठवतं. एका मुलाच्या आईने माझ्यासमोरच आईला विचारलं होतं, तुम्ही हिला घालता तरी काय. तिशीच्या आसपास मी हा प्रकार बंद करून टाकला. तोवर मला नाशिकला सरकारी कचेरीत नोकरी लागली होती. इंदिरानगरात दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली होती आणि शनिवारी दुपारच्या एसटीने त्र्यंबकला जायची सवय झाली होती.

नव्वदच्या दशकात वडिलांचे पाय सुजायला लागले. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. शुगर त्यांना बरीच वर्षं होती. आठवण झाली तर गोळी घ्यायची आणि यजमानांनी आग्रह केला की लाडू घ्यायचा, असा त्यांचा औषधोपचार होता. पायांची सूज दगडी फरशीवर तासन्‌तास बसल्याने येते असं त्यांनीच ठरवलं. मग सकाळी डोळ्यांखाली फुगायला लागलं, जेवण नकोसं झालं, तोंडाची चव गेली. मी त्यांना नाशिकला आणलं. रक्त-लघवी तपासल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की किडन्या जवळजवळ काम करत नाहीत.

आप्पांना ते पटेना. "लघवी तर व्यवस्थित होते, मग किडनी गेली कशी?" असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. किडनी म्हणजे गाळणी, साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की तिची भोकं मोठी होतात. शरीराला हवी असलेली प्रथिनं त्यातून निसटतात. पुढे गाळणीच बुजत जाते आणि बाहेर जायला हवी ती घाण आत राहते. पाणी बाहेर पडत राहतं म्हणून माणसाला कळत नाही. दुखत तर काहीच नाही.

तेव्हा नाशिकमध्ये डायलिसिसची यंत्रं अगदी मोजकी होती. आप्पा आणि आई माझ्याकडे राहायला आले. भावाचं शिक्षण झालेलं होतं, त्याने त्र्यंबकचं सगळं काम अंगावर घेतलं. आठवड्यातून दोनदा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आप्पांना रिक्षाने घेऊन जायची. यंत्राला लावल्यावर ते डोळे मिटून पुटपुटत राहायचे. त्यांना यंत्रापेक्षा पाण्याचा त्रास जास्त झाला. दिवसभरात किती प्यायचं हे डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. एके दिवशी त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, की संध्येतलं आचमन त्यात धरायचं का. मी डॉक्टरांना विचारून सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर ते पळीभर पाण्याऐवजी बोट बुडवून एकच थेंब तळहातावर घेत होते. गोदावरीच्या उगमाशी जन्म काढलेला माणूस. दोन वर्षांच्या आत ते गेले. आई माझ्याकडेच राहिली.

त्यानंतर काही वर्षांनी माझ्या पाठीवर एक गळू झालं आणि ते बरंच होईना. तेव्हा माझी शुगर कळली. मला आश्चर्य वाटलं नाही. ज्या गोष्टीची आपण मनातल्या मनात वाट बघत असतो ती आली की थोडं हलकंही वाटतं. मी आप्पांसारखं वागायचं नाही असं ठरवलं आणि तसं वागलेही नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या, पहाटे जॉगिंग ट्रॅकवर गेले, कारल्याचा रस प्यायले, भात सोडला, पुन्हा धरला. वजन थोडं उतरायचं आणि मग दुप्पट उत्साहाने परत यायचं. पुढे इन्सुलिन सुरू झालं, त्याने शुगर खाली आली पण वजन आणखी वाढलं. गुडघे दुखायला लागले, चालणं कमी झालं, रक्तदाब चढला.

माझे शुगरचे डॉक्टर कमी बोलणारे, वयाने माझ्याहून थोडेच मोठे होते. दरवर्षी ते लघवीतल्या प्रथिनांची एक बारीक तपासणी करून घ्यायचे. एका वर्षी त्यांनी रिपोर्ट मागच्या वर्षीच्या रिपोर्टशेजारी ठेवून पाहिला. मग म्हणाले, लघवीतून प्रथिनं जायला सुरुवात झाली आहे. मी आप्पांचं सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुमच्या वडिलांचं कळलं तेव्हा शेवट आला होता, तुमचं अगदी सुरुवातीला कळलंय. रक्तदाबाची गोळी त्यांनी बदलून दिली, ही किडनीलाही सांभाळते म्हणाले. पुढच्या वर्षी प्रथिनं वाढलेली होती, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. मी गोळी चुकवत नव्हते, तरीही.

दोन हजार तीन-चारचा सिंहस्थ होऊन गेला होता. भाऊ त्या वर्षभरात फार राबला आणि आणखीच वाळला. सगळे म्हणाले, सिंहस्थाने खाल्लं याला. त्याच सुमारास कधीतरी त्याचीही शुगर निघाली. त्याने ती फोनवर अशी सांगितली, जशी काही घरात नवी सायकल आली. "थोडीशीच आहे," तो म्हणाला, "बारीक माणसाला काही होत नाही." आम्हाला सगळ्यांना ते खरं वाटलं. आईलाही आणि मलाही. शुगर हा जाड माणसाचा आजार, आणि आमच्यातली जाड मी.

एका भेटीत डॉक्टरांनी विषय काढला. ते मुंबईला एका परिषदेला जाऊन आले होते. तिथे लठ्ठपणासाठी पोटाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी काही अनुभव मांडले होते. वजन उतरतं ते ठीकच, पण बऱ्याच जणांची शुगर वजन उतरण्याच्याही आधी खाली येते असं दिसत होतं. आणि काहींच्या लघवीतली प्रथिनंही कमी होत होती. मी विचारलं, म्हणजे किडनी वाचते का. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किडनी वाचेल असं मी लिहून देणार नाही," ते म्हणाले. "वाचू शकते, एवढंच म्हणतो. मी स्वतः अजून एकही पेशंट पाठवलेला नाही. तुम्ही पहिल्या असाल."

त्यांचं ते 'पहिल्या असाल' मला आवडलं. त्यांनी काही झाकलं नव्हतं. मी घरी येऊन आईला सांगितलं आणि घरात एकदम गारठा पसरला. आजारी अवयव कापतात हे तिला समजत होतं. पण आजार साखरेचा, भीती किडनीची, आणि कापायचं धडधाकट पोट, हे तिला काही केल्या कळेना. खरं तर ते मलाही नीट कळलं नव्हतं. शिवाय तिच्या मनात आणखी एक होतं, जे ती बोलली नाही पण मला दिसलं. तिने आयुष्यभर माणसांना जेवू घातलं होतं. तिच्या मुलीने पोट लहान करून घ्यायचं म्हणजे तिच्याच हातावर काहीतरी ठपका होता.

भाऊ माझ्या बाजूने उभा राहील असं मला वाटलं नव्हतं. तो घरातला सोवळ्याचा माणूस. पण त्याने आईला सांगितलं की आप्पांचं यंत्रावर बसणं आपण सगळ्यांनी बघितलंय, ताईला ते परत बघायला लावू नको. मी त्याला गमतीने म्हटलं, मुहूर्त काढून दे. तो म्हणाला, सर्जनला वेळ असेल तो मुहूर्त.

मुंबईला सर्जनना भेटायला तोच माझ्याबरोबर आला. सर्जन तरुण होते, भराभर बोलणारे. कागदावर चित्र काढून त्यांनी सांगितलं की जठराचा वरचा छोटासा भाग वेगळा करायचा, पेल्याएवढाही नाही, आणि तो आतड्याला बराच खाली नेऊन जोडायचा. अन्न जवळच्या वाटेने जातं. त्यामुळे माणूस कमी खातो, हे एक. पण आतड्यातून रक्तात जे निरोप जातात तेही बदलतात, आणि शुगरवर त्याचा परिणाम होतो. तो नेमका कसा, हे अजून शोधतायत असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. धोकेही सांगितले. जोड गळू शकतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, फार थोड्या वेळा जीवही जातो. जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. आणि सुरुवातीला पाणी पुरेसं प्यायलं गेलं नाही तर ज्या किडनीसाठी आपण हे करतोय तिलाच इजा होऊ शकते.

मी उठणार इतक्यात भावाने विचारलं, "डॉक्टर, शुगर मलाही आहे. माझं होईल का हे?"

सर्जननी त्याच्याकडे पाहिलं. धोतर, सदरा, आतून दिसणारी गळ्याची हाडं. ते हसले नाहीत हे मी त्यांच्या जमेला धरलं आहे. ते म्हणाले की या ऑपरेशनला वजनाची अट आहे आणि तुम्ही तिच्या जवळपासही नाही. मग त्यांनी विचारलं, तुमची लघवी आणि किडनी किती चालते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन कधी तपासलंय. भावाने कधीच तपासलं नव्हतं. सर्जननी तिथेच तपासून जायला सांगितलं.

आम्ही खाली रिपोर्टची वाट बघत बसलो. माझ्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या बऱ्या आल्या, त्याच्या मात्र वाईट होत्या. किडनीचं अर्ध्याहून जास्त काम गेलेलं होतं. तो कागद त्याने दोनदा वाचला, त्याची घडी घातली आणि तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.  परतीच्या गाडीत इगतपुरी आली तेव्हा तो म्हणाला, "ताई, आयुष्यभर तुला जाडी म्हणालो. आता मलाच वजन कमी पडलं."

आम्ही दोघंही हसलो. त्याच्या हसण्यात मी किती हसू शोधलं, ते मला अजून आठवतं.

त्यानंतर मला ऑपरेशन करून घ्यावंसं वाटेना. एकाच घरातल्या दोघांपैकी एकाला वाट आहे आणि दुसऱ्याला नाही, हे मला खायला उठलं होतं. मी पुढे ढकलते म्हटल्यावर भाऊ पहिल्यांदा माझ्यावर चिडला. तू थांबल्याने माझी किडनी सुधारणार असेल तर थांब, असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी गेले.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यातून एक एक घोट पाणी प्यायचं आणि मध्ये थांबायचं. तोंडाने यंत्रातले चेंडू वर ओढायचे, म्हणजे छातीत कफ साचत नाही. लगेच उठून चालायचं. आणि शुगर. बोटातून रक्त काढणारी नर्स आकडा बघून परत टोचायची, कारण कालपर्यंत इन्सुलिनवर असलेल्या बाईचा हा आकडा तिला खरा वाटत नव्हता. वजन अजून किलोभरही उतरलं नव्हतं, पण घरी जाताना इन्सुलिन बंद झालं होतं. सर्जन म्हणाले, हे होतं, पण फार भरवसा धरू नका, शुगर परत येऊही शकते.

नाशिकला आल्यावर मात्र अवघड गेलं. उन्हाळा सुरू झाला होता. थोडंसं प्यायलं तरी पोट गच्च व्हायचं, कधी उलटी व्हायची. मी पाणी टाळायला लागले. आईला कळेना, मला सांगायचं धैर्य होईना. मग एका दुपारी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. लघवी दिवसभरात जेमतेम झाली होती. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. क्रिएटिनिन वाढलं होतं. सलाईन चढत असताना मला आप्पा दिसत होते. ज्याला भिऊन पळाले त्याच्याच दारात येऊन पडले असं वाटलं. आई उशाशी बसून होती आणि एका शब्दानेही ती 'मी सांगत होते' असं म्हणाली नाही. अंगात पाणी गेलं तशी किडनी पूर्ववत झाली. त्या दिवसापासून मी बाटली सतत जवळ ठेवते. सभेत, बसमध्ये, लग्नात, सगळीकडे. दर थोड्या वेळाने एक घोट.

आईला नवा स्वयंपाक शिकावा लागला. आधी मुगाचं पाणी, मग पातळ वरण, मग मऊ पनीर, दही, उसळ कुस्करून. वाटीभर अन्न मी चमच्या-चमच्याने अर्धा तास खायची. सुरुवातीला ती समोर बसून बघायची आणि तिचे डोळे भरायचे. नंतर तिने बघणं सोडलं आणि स्वतःही जरा कमी खायला लागली. एकदा शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा मी नाही म्हणू शकले नाही. दोन घास खाल्ले आणि थोड्याच वेळात घाम फुटला, छाती धडधडायला लागली, आता मरते की काय असं झालं. गोड एकदम आतड्यात गेलं की असं होतं हे मला सांगितलेलं होतं. तेव्हापासून प्रसाद मी कपाळाला लावून पुढे देते. केस झाड हलवल्यासारखे गळले आणि नंतर परत आले. लोह आणि बी-ट्वेल्व कमी झालं, ते भरून काढावं लागलं. कचेरीतल्या लोकांना मला काहीतरी दुर्धर झालंय असं वाटत होतं, आणि सांगितल्यावर त्यांना त्याहून विचित्र वाटलं. एका सहकारी बाईंनी आता एखादं स्थळ बघू का असं विचारलं. मी म्हटलं, बघा, पण त्याची लघवी तपासून घ्या.

वर्षभरात माझ्या लघवीतली प्रथिनं उतरत उतरत नॉर्मलमध्ये आली. रक्तदाबाची एकच गोळी उरली. डॉक्टरांनी रिपोर्ट उजेडाकडे धरून पाहिला, जणू खोटी नोट आहे.

"मला आनंद झालाय," ते म्हणाले, "पण नक्की कशाने झालं ते विचारू नका."

मी विचारलंच. ते म्हणाले, साखर उतरली, रक्तदाब उतरला, वजनाचा बोजा गेला, तो बोजा किडनीलाही वाहावा लागत होता. आतड्यातल्या त्या निरोपांचाही काही भाग असेल. गोळीही चालू होतीच. यातलं कुणी किती काम केलं हे एका माणसावरून सांगता येत नाही. आणि तुम्ही लवकर गेलात, हेही त्यात आहे. बुजलेली गाळणी कुठलंही ऑपरेशन परत उघडत नाही.

मी त्या वेळी भावाचाच विचार करत होते. माझं वजन उतरत होतं तेव्हा त्याचं चढत होतं, आणि ते पाणी होतं. त्याने पथ्य कडक पाळलं, मीठ सोडलं, इन्सुलिन घेतलं, यजमानांच्या पंगतीतून उठून जाऊन दुधी खाल्ला. पण फार उशीर झाला होता. दोनेक वर्षांत तो डायलिसिसवर आला. तोवर नाशिकमध्ये यंत्रं बरीच झाली होती आणि रजा काढायला मला सोपं गेलं. बाकी सगळं तेच होतं. तोच रस्ता, शेजारी रिक्षात तसाच वाकून बसलेला माणूस. फरक इतकाच की हा माझ्याहून लहान होता.

मी त्याला किडनी द्यायचं ठरवलं. माझं ठरवून झाल्यावरच मी किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. माझी शुगर आता गोळीशिवाय नॉर्मल आहे, प्रथिनं जात नाहीत, वजन अटीत बसतं, असं मी एका दमात सांगितलं. त्यांनी माझे जुने रिपोर्ट मागितले आणि ते चाळून बाजूला ठेवले.

"तुमची किडनी आत्ता कुठे सावरली आहे," ते म्हणाले. "त्यातली एक काढून दुसरीवर दोन्हींचं काम टाकायचं नाही. उद्या तुम्हीही इथेच बसाल."

मी वाद घातला. भावाच्या वेळी वजन आडवं आलं होतं, आता माझी शुगर आडवी येत होती, तीही गेलेली शुगर. बाहेर बाकावर बसून मी बराच वेळ रडले. मला कधी नव्हे ते कुणाला तरी द्यायला माझ्या अंगात काहीतरी चांगलं आहे असं वाटलं होतं, आणि ते घ्यायला कुणी तयार नव्हतं.

आईचं वय झालं होतं. मग भावजय पुढे आली. ती फार बोलणारी नाही. त्र्यंबकला यजमानांची सगळी व्यवस्था तीच बघायची, आणि त्या घाईतही तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. एका दुपारी आम्ही चौघं माझ्या घरी बसलो होतो. पुढे काय करायचं यावर आई आणि मी उलटसुलट बोलत होतो. भावजय केळीच्या पानावर फुलं निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माझा रक्तगट ओ आहे. मी तपासून आलेय."

भाऊ नको म्हणाला. तिच्या माहेरचे तर फारच नको म्हणाले. बाईने दिलेलं चालतं, पण बाईला काही झालं तर, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि ठरलेल्या दिवशी मुंबईला जाऊन दाखल झाली. तिची डावी किडनी माझ्या भावाच्या पोटात उजवीकडे बसवली. पहिल्या काही आठवड्यांत एकदा शरीराने ती नाकारायचा प्रयत्न केला, औषधं वाढवली, मग ती रुळली.

भाऊ आता गर्दीत जात नाही. ती औषधं घेणाऱ्या माणसाला साधा संसर्गही महागात पडतो. मोठे विधी त्याने चुलतभावाकडे दिले. फोनवर मुहूर्त काढून देतो, पत्रिका बघतो. त्या औषधांनी शुगर वाढते म्हणून इन्सुलिनही आहे. आणि तो पाणी पितो. डायलिसिस सुटल्यावर पहिल्यांदा त्याने तांब्या तोंडाला लावला तेव्हा आई स्वयंपाकघरात निघून गेली.

माझ्या मनात बरीच वर्षं एक गाठ होती. मला वाटायचं की माझी शुगर ही माझी चूक, मी खाल्लं म्हणून. आणि त्याची शुगर हे नशीब. लोकही तसंच बोलायचे. माझ्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं की तुम्हा दोघांचा आजार एकच आहे, फक्त तुमचा दिसत होता आणि त्यांचा लपलेला होता. ज्या दंडांकडे बघून माणसं चहा अर्धा टाकून उठली, त्याच जाडीमुळे माझ्यासाठी एक दार उघडलं. त्याच्यासाठी उघडलं नाही. यात न्याय शोधायचा मी प्रयत्न केला, सापडला नाही. आता आपल्याकडच्या माणसांसाठी वजनाची अट खाली आणली आहे असं ऐकते. आपल्यात बारीक दिसणाऱ्यालाही हा आजार धरतो म्हणून. तरी त्या हिशेबातही माझा भाऊ बसला नसताच.

दशक संपता संपता एकदा मी त्र्यंबकला गेले होते. दुपारी भावजय आणि मी मागच्या ओट्यावर बसलो होतो. मी तिला विचारलं, एक नाही हे जाणवतं का. ती म्हणाली, पहिल्यांदा डाव्या कुशीवर झोपताना वाटायचं, आता नाही. मग तिने तिच्या मनातलं विचारलं. तिची मुलगी, माझी भाची, दहावीला होती आणि अंगाने भरायला लागली होती. आजोबा, आत्या, बाप, तिघांना शुगर. पोरीला आत्ताच काही करून घ्यावं का, तुझ्यासारखं, असं तिने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

मी म्हटलं, नाही, इतक्यात काहीच नाही. तिला खेळू दे, तिच्याशी वजनावर एक शब्द बोलू नको, आणि दरवर्षी रक्त तपास. पुढे शुगर निघालीच तर लघवीही तपास, ती विसरू नको, कारण किडनी दुखत नाही.

पुढच्या सुट्टीत त्या दोघी नाशिकला आल्या. आम्ही तिघी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेलो. भाचीने हात पुढे केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. बाहेर आल्यावर तिला भूक लागली होती, मिसळ हवी होती. भावजयीने माझ्याकडे पाहिलं. मी चला म्हटलं. रिपोर्ट संध्याकाळी यायचा होता. भाची लालबुंद रस्सा परत परत मागून खात होती. तिच्या आईचं खाण्यात लक्ष नव्हतं, ती रस्त्यावरच्या वाहनांकडे बघत बसली होती. मी माझ्या बशीतली मटकी चमच्याने बारीक करत, सावकाश खात होते.